पाचवं घर

कळंब,
६ ऑगस्ट २०२४

आक्का,

तू माझा फोन घेत नाहीस, म्हणून हे पोस्टानं. पाकिटावरचं अक्षर ओळखून चुलीत घालशील म्हणावं, तर तुझ्याकडं आता गॅस आहे, आणि गॅसवर पत्र जाळायचं म्हणजे राग बराच वेळ टिकवावा लागतो. तेवढ्या वेळात दोन ओळी वाचून होतील अशी माझी आशा.

काम माझं नाही, आईचं आहे. मी मासिकाकडून लांब सुट्टी घेऊन कळंबला आलोय. आईचे पाय गेले. न्हाणीपर्यंतसुद्धा धरून न्यावं लागतं. डोकं मात्र शाबूत आहे, आणि तोंड तर विचारूच नकोस. काल माझ्या हातची भाकरी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "एवढं देश हिंडलास, कुठं कुणी पीठ मळाया शिकवलं न्हाय व्हय?"

मंगळवार-शुक्रवारचा जोगवा आता तिच्यानं होत नाही. परडी खुंटीला टांगलेली असते आणि आई खाटेवरून तिच्याकडं बघत बसते. आपल्या घरची रीत तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आंबाबाईची कवड्यांची माळ जितेपणी, स्वतःच्या हातानं पुढच्या बाईच्या गळ्यात घालायची. आजीनं आईच्या गळ्यात घातली. मी लग्न केलं नाही, तेव्हा सुनेचा प्रश्न नाही. माळ तुझी. ते राहून गेलं आणि आई गेली, तर माळ आणि परडी तुळजापूरला देवीच्या पायाशी जातील आणि आपल्या घरचा जोगवा संपेल. आईला दुसरी कसलीच काळजी नाही. "तारीला म्हणावं, घट बसायच्या आत ये. मंग म्या मोकळी," असं तिनं सांगितलंय. मी शब्द न बदलता लिहितो आहे.

आता लेखाचं. अक्षय्य तृतीयेच्या पुरवणीत मी जे लिहिलं, त्यात तुझी थोरवीच लिहिली. एका बहिणीनं भावाला दिल्लीला बातमीदार व्हायला पाठवायचं म्हणून हातातल्या पाटल्या मोडल्या, हे लोकांनी वाचलं आणि कितीतरी जणांनी मला फोन करून सांगितलं की डोळ्यांत पाणी आलं. संपादक म्हणाले, दागिन्यांवर इतकी वर्षं लिहितोयस, पण दागिना आज पहिल्यांदा दिसला. तू मात्र एकच वाक्य बोललीस, "मला इचारायचं तरी," आणि फोन ठेवलास. आक्का, विचारलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, हे मला माहीत होतं. म्हणून तर नाही विचारलं.

पण माझ्यावरचा राग आईवर काढू नकोस. ये.

तुझा,
रणधीर


कळंब,
२५ ऑगस्ट

आक्का,

तुझं उत्तर नाही, पण काल दाजींचा फोन आला. रानात उभे राहून बोलत होते, मागं मोटारीचा आवाज होता. त्यांना बोलू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. ती सवय जात नाही.

मला वाटत होतं, गावभर नाव झालं म्हणून तू चिडलीस. तुझ्या घरात काय झालं ते मला ठाऊकच नव्हतं. आता सगळं कळलं, आणि मागचं पत्र टाकलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटतं.

सासरी तू सांगितलं होतंस की पाटल्या सोनारीच्या जत्रेत गर्दीत गेल्या. मला ते लेखातलं सगळ्यात सुरेख वाक्य वाटलं होतं. बहिणीनं भावासाठी घेतलेला आळ, असं मी त्याला म्हटलं होतं. पण त्या दिवशी पाटल्या घालून चल असा हट्ट तुझ्या सासूनं धरला होता, हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. आपल्या हट्टापायी सुनेचं सोनं गेलं असं गौराबाई इतकी वर्षं धरून बसल्या होत्या. स्वतःची बोरमाळ काढून त्यांनी तुझ्या गळ्यात घातली. दरवर्षी सोनारीला जाऊन काळभैरवापुढं नाक घासत राहिल्या. आणि तुझी सून सोनाली, बिचारी कौतुकानं, जेवायच्या वेळी सगळ्यांना मोबाइलवर माझा लेख वाचून दाखवायला बसली. दाजी म्हणाले, "आई पानावरून उठली. हात धुतला आन् सकाळी गाठुडं घेऊन धाकल्याच्या घरी गेली. त्या दिसापस्नं तारीसंगं बोलली न्हाय."

गावाचं नाव, माणसाचं नाव, वय, नातं. बातमीत ही माहिती असलीच पाहिजे, हे माझ्या हाडात भरलेलं आहे. तुझं नाव बदलायचं मला सुचलंसुद्धा नाही. तामलवाडीत अशा किती तारामती असणार?

आता मी तुला माझ्या नोकरीची गोष्ट सांगतो, कारण तू ती फक्त माझ्या पत्रांतून ऐकलीस. आईला वाचता येत नाही म्हणून माझी परदेशातली पत्रं ती डब्यात साठवायची आणि तू पंचमीला माहेरी आलीस की एका बैठकीत वाचून घ्यायची. त्या पत्रांत मी जेवण, थंडी आणि तिथल्या बायकांच्या साड्या-झग्यांविषयी लिहायचो. काम काय करायचो ते लिहीत नव्हतो.

काम असं होतं. कुठं काही झालं की जायचं. ज्या दारात माणसं रडत बसलीत त्या दारात उभं राहायचं आणि विचारायचं. कोण गेलं, कसं गेलं, नाव काय, वय काय. लोक सांगायचे. का सांगायचे ते मला अजून कळलेलं नाही, पण सांगायचे. मी लिहून घ्यायचो, रात्री दिल्लीला पाठवायचो आणि दोन दिवसांनी दुसऱ्या गावाला जायचो. काठमांडू झालं, कोलंबो झालं, काबूल झालं. काबूलला एक भटारखानेवाला होता. कुणाकुणाला लपूनछपून रोट्या देतो ते त्यानं मला चहा पाजून सांगितलं. मी ते त्याच्या नावासकट छापलं. महिन्याभरानं त्या गल्लीतून गेलो तर दुकान बंद. मी काय केलं सांगू? बाजारात तणाव आहे, दुकानं बंद आहेत, अशी बातमी दिली. तो माणूस कुठं गेला हे मी कुणालाच विचारलं नाही.

पुढं बाहेरच्या बातम्या कुणाला नकोशा झाल्या. आमच्या वृत्तसंस्थेनं एकेक कचेरी बंद केली. मी तेव्हा दुबईला होतो. मला सांगितलं, राहायचं असेल तर सोन्याच्या बाजारावर लिही. पहिल्या दिवशी लाज वाटली. दोन-तीन महिन्यांत गोडी लागली, कारण सोन्याला नाव विचारावं लागत नाही आणि भाव चढला-उतरला तरी तो कुणाच्या दारात बसून रडत नाही. मग मुंबई, झवेरी बाजार, सराफांचं मासिक, जोडीला सोयाबीन आणि तुरीचे भाव. कळंबच्या आडतीत सोयाबीन काय दरानं गेलं हे मला मुंबईत बसून दुपारपर्यंत कळायचं. आई जेवली का ते कळायचं नाही.

मग मासिकवाल्यांना नुसते भाव पुरेनासे झाले. दागिन्यामागचा माणूस शोध म्हणाले. माझ्यातला जुना बातमीदार जागा झाला. जायला परदेश उरला नव्हता, म्हणून मी तुझ्याकडं आलो. एवढंच झालं. पण या खेपेला ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांनी ते वाचलं, आणि मला पुढच्या गावाला जाता आलं नाही.

गौराबाईंना मी काय सांगू ते मला सुचत नाही. तू सांगशील तसं करीन. आईकडं मात्र ये, घट बसायला अजून अवकाश आहे.

रणधीर


कळंब,
१७ सप्टेंबर

आक्का,

आणखी एक घोळ करून बसलोय. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

त्याआधी हे, की मी सुट्टीवर नाही. नोकरी गेली. भाव आता यंत्र लिहितं आणि चुकत नाही. मला निरोपाचा गुच्छ दिला. आईला मी पहिल्या दिवशीच सुट्टी म्हणून सांगितलं होतं. ती म्हणाली, "सुट्टीवर आल्याला माणूस सगळी भांडी घिऊन येत न्हाय." तेव्हा तिला ठाऊक आहे.

निघताना जे हाती आलं त्यातून मी सोनं घेतलं होतं. तुझ्या पाटल्यांचं सोनं. ते तुला पाटल्या म्हणून दिलं असतं तर तू घेतलं नसतंस. म्हणून मी अक्कल चालवली. आईची माळ जुनी झाली होती, दोरा कुजला होता. ओवून आणतो म्हणून मी ती तिच्या गळ्यातून काढून घेतली आणि बाजारातल्या कुमार सोनाराकडं दिली. एकेका कवडीला दोन्ही टोकांना सोन्याच्या नाजूक टोप्या, मध्ये सोन्याचे मणी. तू माळ घेशील तेव्हा पाटल्या आपोआप तुझ्या गळ्यात येतील आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. कुमार एकदा म्हणाला होता, "साहेब, ही आराध्याची माळ हाय, घरी इचारलंय न्हवं?" मी त्याला कवड्यांच्या दागिन्यांना सध्या केवढी मागणी आहे ते ऐकवलं.

माळ फार सुंदर झाली होती. तेच तर वाईट. मखमलीच्या डबीतून काढून आईच्या हातात दिली तेव्हा मी तिच्या तोंडाकडं बघत बसलो होतो, कौतुक ऐकायला. तिनं चाचपून बघितली. डोळ्यांजवळ नेली.

मग म्हणाली, "हे घालून जोगवा कसा मागायचा रं?"

मी म्हणालो, मागायला काय झालं.

"आरं, सोनं घालून पीठ मागाया गेल्यावर कोण वाढंल? आन् का वाढावं? ही माळ मागणाऱ्याची हाय. राजाची राणी असली तरी जोगव्याला ती भिकारीण. तू हिचा दागिना केलास."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं होतं, मी भांडलो असतो. तिनं माळ डबीत ठेवली, डबी माझ्याकडं सरकवली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. तिचा गळा मोकळा मी कधी पाहिला नव्हता. माळेच्या जागी कातडी गोरी राहिली आहे.

तू असतीस तर मला दारातच अडवलं असतंस.

रणधीर


कळंब,
२९ सप्टेंबर

आक्का,

थोडक्यात लिहितो. कुमारनं टोप्या काढायचा फार प्रयत्न केला. टोप्या बसवायला त्यानं कवड्यांच्या कडा घासल्या होत्या, काढताना बऱ्याच तडकल्या. तडकलेली कवडी गळ्यात घालत नाहीत. आईनं सगळ्या एका फडक्यात बांधायला लावल्या आणि मी त्या नदीत सोडून आलो. आजीच्या गळ्यातली माळ होती ती.

तुळजापूरला जाऊन नवी माळ आणली. साधी, काळ्या दोऱ्यातली. तिथून तामलवाडीचा फाटा पुढंच आहे हे ठाऊक असून पुढं आलो नाही.

आईनं नवी माळ मांडीवर घेतली आणि मला खाली बसायला सांगितलं. मला वाटलं, गाठ मारायची असेल. तिनं ती माझ्याच गळ्यात घातली. मी म्हणालो, अगं, ही ताराची. तर म्हणाली, "घट बसताना माळ गळ्याबिगर ठिवायची न्हाय. माझ्यानं आता जोगवा व्हत न्हाय. तारी येईस्तवर तू संबाळ. घटातल्या मंगळवारी पाच घरं माग, मंजी माळ सुकात राहील." पाच घरं मागून होईपर्यंत देवीच्या नावाखेरीज बोलायचं नाही, एवढंही बजावलं. कुठली पाच घरं असं मी विचारलं. "तुला वाटतील ती," म्हणाली.

चार आपल्या गल्लीतली धरली आहेत. पाचवं तू ओळखलं असशील.

रणधीर


कळंब,
९ ऑक्टोबर

आक्का,

काल तुझ्या दारात जे झालं ते तू पाहिलंस. माझ्या बाजूनं काय झालं ते ऐक.

सकाळी गल्लीतली चार घरं झाली. शेजारची राजेश्वरीवहिनी पदर तोंडाला लावून हसली, पण वाढलं. मग तसाच, परडी हातात आणि माळ गळ्यात घालून, एसटीनं निघालो. बोलायचं नव्हतं म्हणून गावाचं नाव कागदावर लिहून कंडक्टरला दाखवलं. त्यानं मला मुका समजून खिडकीची जागा दिली. धाराशिवला गाडी बदलली, तुळजापूरला बदलली. नवरात्राच्या गर्दीत माझ्यासारखे शंभर आराधी होते, मला कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नाही.

वाटेत मी काय विचार करत होतो ते सांगतो. जोगव्याला कुणी नाही म्हणत नाही. तारामती माझा फोन घेणार नाही, पत्राला उत्तर देणार नाही, पण परडी घेऊन उभा राहिलो तर तिला दार उघडावंच लागेल. एकदा दार उघडलं की पुढचं मी बघून घेईन. दार उघडून घ्यायची ही युक्ती मी आयुष्यभर केली. कधी औषध घेऊन गेलो, कधी लेकराला खाऊ. या वेळी देवीला घेऊन आलो.

तू दार उघडलंस. केस पांढरे झालेत तुझे. मी "आई राजा उदो उदो" म्हणालो आणि माझा मलाच आवाज ओळखू येईना. तू आत गेलीस, सुपात पीठ घेऊन आलीस, डोक्यावर पदर घेतलास. परडीला हळदीकुंकू लावलंस. मग सूप परडीवर धरलंस आणि तुझा हात थांबला. मला वाटलं, आता बोलशील. तू माझ्याकडं नाही, माळेकडं बघत होतीस. मग सगळं पीठ परडीत ओतलंस, वाकून माळेला नमस्कार केलास आणि दार लावून घेतलंस. पाच घरं पुरी झाली होती, मला बोलायची मोकळीक होती. बंद दाराशी मी दोनदा "आक्का" म्हणालो. ऐकलं असशील.

परत फिरताना गौराबाई धाकट्याच्या ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या दिसल्या. मी जाऊन त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळा दोष माझा म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, "पाटल्या गेल्या त्येचं काय न्हाय बाबा. भावासाठी मोडल्या असं मला तवाच सांगितलं असतं तर म्या काय मारलं असतं व्हय तिला? म्या भैरोबाला शिव्या घालत बसले, आन् पोरगी शेजारी उभी राहून ऐकत व्हती." मग एक शेंग फोडून दाणे माझ्या हातावर ठेवले. मी मोठा माणूस, तिथं उभा राहून ते दाणे खाल्ले. त्या परत येतील की नाही ते मला विचारवलं नाही. तूच एकदा त्यांच्यापाशी जाऊन बस, असं मला वाटतं. माझ्या वाटण्याला काय किंमत आहे ते ठाऊक असूनही लिहितो.

घरी आलो तर आई जागी. कुठं गेलतास म्हणाली. सांगितलं. तिनं विचारलं, "तारीनं वाढलं?" मी म्हणालो, हो, सूपभर वाढलं, आणि माळेला नमस्कारही केला. मला वाटलं, आई खुश होईल.

आई कितीतरी वेळ परडीतल्या पिठात बोटं फिरवत बसली. मग तिनं सांगितलं. माळेवर जिचा हक्क आहे त्या लेकीनं दुसऱ्याच्या परडीत वाढलं, म्हणजे तिनं हक्क सोडला. माळ आता माझी, मरेपर्यंत. "तुला म्हाईत नव्हतं. तिला म्हाईत व्हतं," एवढंच बोलली.

म्हणून तुझा हात थांबला होता. जोगव्याला नाही म्हणावं तर देवीचा अपमान, आणि वाढावं तर आईची माळ जाते. मी युक्ती करून तुला अशा जागी उभं केलं, आणि तू एका शब्दानं मला सांगितलं नाहीस. पाटल्या घेतल्या तेव्हा तू दिल्या होत्यास. माळ मी तुझ्या दारात येऊन मागून घेतली, आणि मागतोय हेसुद्धा मला कळलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं आहे, आक्का. यापेक्षा चांगलं वाक्य मला येत नाही.

एक राहिलं. आईनं शेवटी विचारलं, "बोलली का रं काही?" आणि मी सांगितलं, हो, बोलली. म्हणाली, आईला सांग, मी भेटायला येते.

मी आयुष्यात पुष्कळ लिहिलं, लोकांची नावं उघडी केली, पण कुणाच्या तोंडी त्यानं न बोललेला शब्द कधी घातला नाही. तुझ्यावरच्या लेखात तर शब्दनशब्द खरा होता. हे तसलं पहिलं खोटं. आईचा त्यावर लगेच विश्वास बसला, सकाळपासून दोनदा वेणी घालून घेतली.

माळ घ्यायला नाही, नुसती तिला बघायला ये. माझी अडचण होऊ देऊ नकोस. दर मंगळवारी सकाळी नऊ ते बारा मी जोगव्याला बाहेर असतो. दार उघडंच असतं.

रणधीर